दोनदावाले आजोबा

"मी तो दोनदावाला आजोबा," असं म्हणत बाबा उभे राहिले, आणि बिनखिडकीच्या त्या खोलीत त्या सकाळी पहिल्यांदाच कुणीतरी हसलं.

दवाखान्याच्या बालमधुमेह विभागातली ती शिकवणीची खोली. समोर सहा कुटुंबं, सगळी नवी, पोराला साखर निघाल्याला महिनाही न झालेली. बोट कुठे टोचायचं, सुई मांडीला कशी द्यायची, पोर घामाघूम होऊन थरथरू लागलं तर किती ग्लुकोज पाजायचं, हे सिस्टरांनी शिकवून झालं होतं. राहिली होती वही. सुई दिली की दुसऱ्या कशालाही हात लावायच्या आधी वहीत बरोबरची खूण करायची. एवढं नुसतं सांगून लोकांच्या डोक्यात शिरत नसे. म्हणून बाबा. पाच महिने ते आपणहून येत होते.

"चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली," बाबा सांगत होते. "दुसऱ्याची वेलांटी चुकली तरी मला जेवण गोड लागत नसे. आणि एका सकाळी स्वतःच्याच नातीला दोनदा इन्सुलिन दिलं. पहिलं दिलं ते विसरलो, खूण करायचीही विसरलो. वही कोरीच राहिली, आणि पुन्हा दिलं. पोर बालवाडीत कोसळली. दोन दिवस शुद्ध नव्हती. दैव बलवत्तर, म्हणून आज इथे बसून माझं डोकं खाते आहे."

"मी बिस्कीट खाते आहे," नात म्हणाली.

पुढच्या रांगेतल्या ट्रकवाल्या बापाला मात्र हसू आलं नाही. "रागवू नका आजोबा, पण तासाभरापूर्वी केलेलं माणूस विसरतो कसा?"

"तेच तर ना, बाळा. मला ते अजूनही आठवत नाही."

मागच्या भिंतीला टेकून बाबांची लेक, म्हणजे नातीची आई, उभी होती. तिला आठवत होतं. त्या सकाळी कामावर पहिल्या पाळीला जायची घाई होती. पोर अर्धवट झोपेत असतानाच तिने सुई देऊन टाकली, खूण करायला पेन हाती लागेना, आणि 'बाबांना फोन करून सांगू' म्हणत ती बसमागे धावली. फोन राहिला. दवाखान्यात डॉक्टरांनी बाबांना विचारलं, "चुकून दोनदा दिलंत का?" बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ती पोरीचं पांघरूण सारखं करत राहिली. "दिलं असेन," बाबा म्हणाले. "वय झालं आता."

शिकवणी संपली. औषधांच्या खिडकीपुढच्या रांगेत बाबांनी हळूच विचारलं, "अगं, मी वही बघितली होती का गं त्या दिवशी? बघितल्यासारखी वाटते. पण माझ्या वाटण्याला आता काय अर्थ आहे म्हणा! काल नळ बंद केला की नाही, म्हणून तीनदा उठून आलो."

"जाऊ द्या ना, बाबा. किती दिवस तेच ते उगाळणार?"

"बरं, बरं." त्यांनी इन्सुलिनची पिशवी तिच्याकडे दिली. "ही तूच धर. माझ्याकडून कुठेतरी राहायची."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा खुर्चीतल्या खुर्चीत गेले. रक्तदाब फार चढला होता, डॉक्टर म्हणाले. गोळ्या वेळेवर घेत होते ना?

चौथ्या दिवशी तिने त्यांच्या टेबलाचा खण उघडला. रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं जवळजवळ भरलेलीच होती. सोबत एक कागद, त्यावर त्यांच्या बारीक अक्षरात तारखा. सुरुवातीच्या चार-पाच तारखांपुढे बरोबरची खूण होती. त्यापुढच्या प्रत्येक तारखेपुढे प्रश्नचिन्ह. तळाशी लिहिलं होतं : दोनदा नको.

तिने कागद दुमडून खणात होता तसा ठेवला. कुणाला दाखवला नाही.

तीन महिन्यांनी पोरीच्या तपासणीची तारीख आली. तीच खोली, नवी कुटुंबं. सिस्टरांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, "आजोबांचं आज तुम्ही सांगाल का? तुमच्या तोंडून ऐकलं तर लोकांना पटेल."

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली, आणि जाऊन मागच्या भिंतीपाशी उभी राहिली.

"आमचे एक आजोबा होते," सिस्टर सांगू लागल्या. "देवमाणूस. पण वयापुढे कुणाचं काय चालतं?" वही, कोरी जागा, दुसरी सुई, बालवाडी. सगळं ओळीने सांगून झालं.

पहिल्या रांगेत एक म्हातारी नातवासाठी सुई द्यायला शिकत होती. स्पंजच्या तुकड्यावर तिची सुई चांगली सरळ जात होती. शेजारच्या लेकीने तिला कोपराने ढोसलं. "ऐकलंस ना आई? म्हणून म्हणते, तू यात पडूच नकोस."

"मला जमतंय की गं."

"त्यांनाही जमतच होतं."

म्हातारीने सुई ट्रेमध्ये ठेवली. मग दोन्ही हात मांडीवर घेऊन ती त्यांच्याकडे बघत बसली, जणू ते हात दुसऱ्या कुणाचे तरी होते.

"आजी, ती सुई उचला," मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. पोरीने आईचं बोट घट्ट धरलं होतं.

"सिस्टर, त्यांनी एकदाच दिली होती. आधीची मी दिली होती. खूण माझी राहिली."

'माणूस विसरतो कसा' असं त्या ट्रकवाल्यासारखं विचारणारं आज कुणी नव्हतं.

"बाबांनी वही बघितली होती," ती म्हणाली. पलीकडच्या खोलीतल्या माणसाला ऐकू जावं, इतक्या मोठ्याने.