फ्लोराची सत्तरी

काटा सत्तरवर टेकला आणि क्लिफर्ड ॲक्रॉइडच्या डोळ्यांत पाणी आलं. सत्तर मैल! मोटरवेवर कायद्यानं पळता येईल तेवढा वेग, आणि तोही फ्लोराला! फ्लोरा म्हणजे त्याची छपन्न सालची हिरवी गाडी. आणि इंजिन कसं, तर मांडीवरच्या मांजरासारखं गुरगुरत होतं.

शेजारी त्याची बायको मॉरीन स्वेटर विणत होती. या बाईनं गेल्या उन्हाळ्यात स्पष्टच सांगितलं होतं, "क्लिफर्ड, एकतर मी, नाहीतर ती. पन्नासच्या वर गेली की किंचाळते मेली. दोन दिवस कान गातात माझे." हॅरोगेटचा एक दंतवैद्य फ्लोरा विकत घ्यायला टपूनच बसला होता. मग क्लिफर्डनं हातापाया पडून एक शेवटची संधी मागून घेतली. अख्खा हिवाळा गॅरेजच्या गार फरशीवर उताणा पडून त्यानं गिअरबॉक्सच्या मागे ओव्हरड्राइव्ह बसवला. बटण दाबलं की चाकं पळतात तशीच पळतात, पण इंजिनाला तेवढं धापा टाकावं लागत नाही, असं ते यंत्र. त्यापायी मागच्या चाकांकडे जाणारा दांडा कापून आखूड करावा लागला. जेवणाच्या टेबलावर दोन महिने नटबोल्ट होते, आणि नाताळचं जेवण दोघांनी मांडीवर ताटं घेऊन उरकलं होतं.

आज परीक्षा होती. स्कारबरोला मेहुणीकडे रविवारचं जेवण होतं. मॉरीनचे कान गायले, तर सोमवारी फ्लोरा दंतवैद्याच्या दारात.

"कान कसे आहेत?" त्यानं भीत भीत विचारलं.

"छान आहेत की. चहा देऊ?" मॉरीननं थर्मास उघडला. धावत्या गाडीत तिनं चहा ओतला आणि एक थेंब सांडला नाही. क्लिफर्डला गगन ठेंगणं झालं. तो बोलत सुटला. तेल कुठलं घातलं, तारा कुठून नेल्या, जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या कोणाकोणाची तोंडं आता बघण्यासारखी होतील. मॉरीन हूं हूं करत होती. मधेच फोनकडे बघायची, गालात हसायची आणि पुन्हा सुया चालवायची.

एक ट्रक भोंगा वाजवत पुढे गेला. मागोमाग एक बस गेली, आणि तिच्या खिडकीतून म्हाताऱ्या हात करत होत्या. "बघ, सगळ्यांना आवडतेय फ्लोरा," क्लिफर्ड म्हणाला. मग मागे चाकांवरचं घर ओढत नेणारी एक मोटार गेली. "वेड लागलंय लोकांना! नव्वदनं जातोय हा, घरासकट!" त्याच्यामागून फुलांनी भरलेली काळी लांबलचक शववाहिका आली आणि तीही सुळकन पुढे निघून गेली.

"घ्या! मेलेल्यालासुद्धा घाई!" क्लिफर्ड म्हणाला. मॉरीनचा एक टाका सुटला.

तेवढ्यात मागे निळा दिवा लुकलुकला. क्लिफर्डनं आरशात पाहिलं, काट्याकडे पाहिलं. काटा बहात्तरवर होता. त्याचं काळीज धडधडायला लागलं, पण भीतीनं नव्हे, आनंदानं! वेग जास्त म्हणून फ्लोराला पोलिसांनी अडवलं! त्यानं गाडी कडेला घेतली, टाय नीट केला आणि पोलीसबाई खिडकीशी येताच हात वर केले.

"गुन्हा कबूल आहे, बाई. बहात्तर! उतारावर त्र्याहत्तर झाले असतील. लिहा तुम्ही, बिनधास्त लिहा!"

पोलीसबाईंनी आधी त्याच्याकडे, मग मॉरीनकडे पाहिलं. "साहेब, तुम्ही त्रेचाळीसनं चाललाय. मागे नजर पोचत नाही तिथवर रांग लागलीय. अहो, शववाहिकेच्या ड्रायव्हरनं तक्रार केली तुमची!"

क्लिफर्डनं तबकडीकडे पाहिलं. मग एकदम डोक्यात उजेड पडला. ओव्हरड्राइव्ह बसवला की वेगाचा काटा जुळवून घ्यावा लागतो, असं विकणाऱ्यानं तीनतीनदा बजावलं होतं. आणि क्लिफर्ड त्याला हसला होता. कारखान्यातून आलेली अस्सल तबकडी, तिला स्क्रू ड्रायव्हर लावायचा? एखादा खरा शौकीन असलं पाप करील?

पोलीसबाईंनी समज दिली, पुढच्या फाट्यावर मोटरवे सोडायला सांगितला आणि हसू दाबत निघून गेल्या. क्लिफर्ड स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. ही शांतता ओव्हरड्राइव्हची नव्हतीच. त्रेचाळीसला फ्लोरा पहिल्यापासून शांतच होती. खरे सत्तर गाठले, तर काय गत होईल कोण जाणे. हिवाळा पाण्यात गेला होता. त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

"लाव," तो पुटपुटला.

"काय लावू?"

"फोन. त्या दंतवैद्याला. ऐकलंस ना पोलीसबाई काय म्हणाल्या?"

"मला लीड्सपासून ठाऊक आहे. फोनवर दिसतो की खरा वेग."

क्लिफर्डनं डोकं वर केलं. "मग बोलली का नाहीस, बाई?"

"का बोलू? तू सत्तरनं पळवत होतास, खुशीत होतास. मी त्रेचाळीसनं चालले होते, मीही खुशीत होते. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, दोघं एकाच वेळी खुशीत या गाडीत कधी बसलो होतो, सांग बरं?"

मॉरीननं थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि सुया उचलल्या.

"चल, आतल्या रस्त्यानं घे. आणि नीट ऐकून ठेव, त्या काट्याला हात लावलास, तर मात्र सोमवारी गाडी विकलीच म्हणून समज."