टिटवीचा नवा पत्ता

हेमांगी रोज सकाळी कामावर आली, की अंतराळातल्या प्रत्येक यानाला एकच प्रश्न पाठवायची, "आज तुझा पत्ता काय?" यानांवरच्या संगणकांचे जाळ्यातले पत्ते सारखे बदलत. शिवाय आपण बाहेरून कुठल्या पत्त्यावर दिसतो, हे संगणकाला स्वतःला कधीच ठाऊक नसतं. शेजारचं जे यान त्याचा निरोप पुढे नेतं, तेच त्याला पत्ता देतं.

त्यांतली 'टिटवी' मात्र सहा वर्षांपूर्वीच सूर्यमाला ओलांडून गेली होती. तिथे शेजार नव्हता. तिची क्षीण हाक थेट पृथ्वीवर यायची, तीही दोन दिवसांनी, आणि दरवेळी तीच, "पत्ता नाही."

आज मात्र उत्तरात आकडे आले. हेमांगीनं ते तीनदा पडताळले आणि तुळपुळे सरांना बोलावलं. टिटवी त्यांनीच बांधली होती.

"अगं, जुनाच एखादा पत्ता असेल," ते दारातूनच म्हणाले.

"नाही सर. आपले पत्ते सोळा आकडी, हा एकवीस आकडी आहे. आपण असा पत्ता कुणालाच दिलेला नाही."

"मग तिला दिला कुणी?"

सरांनी नकळत चपला दाराबाहेर काढल्या आणि अनवाणी आत येऊन ते पडद्यासमोर उभे राहिले.

"त्या पत्त्यावर निरोप पाठव," ते म्हणाले.

"काय लिहू, सर?"

"लिही, आमची लेक तुमच्या दारी आली आहे. तिला सांभाळा."