छप्पन सालची रेसगाडी

नव्वदीच्या डोरोथीबाई टिपणीसांच्या अंगणातल्या लाल रेसगाडीपासून चार पावलं लांबच थांबल्या. अमेरिकेत, इंडियानातल्या एका कोठारात गंजून पडलेली ती गाडी टिपणीसांनी निवृत्तीनंतर सहा वर्षं एकट्याने खपून उभी केली होती. डोरोथीबाई या गाडीच्या शेवटच्या ड्रायव्हरची बायको.

"छप्पन सालच्या शर्यतीत मी ट्रॅकच्या कठड्याशीच उभी होते," त्या म्हणाल्या. "त्याचा वेग बघून घाबरले आणि हाक मारली. त्याने मान वळवली, गाडी उलटली. त्याला मीच मारलं. पुन्हा लग्न करायची हिंमत झाली नाही."

"चालवून दाखवू?" टिपणीसांनी विचारलं.

ते गाडीत बसले. गाडीला स्टार्टर नव्हता; शेजाऱ्याने जीपने मागून ढकललं आणि इंजिन गरजलं. अंगणाला फेरी मारून ते परतले, तेव्हा डोरोथीबाई त्यांच्याकडे बघून ओरडताना दिसल्या. टिपणीसांनी घाईने इंजिन बंद केलं.

"काय झालं, बाई?"

"ऐकू नाही आलं? मी त्याचं नाव घेत होते. जीव तोडून."

"नाही हो. या आवाजात काहीच नाही."

"मग त्यालाही नसेल आलं," त्या सावकाश म्हणाल्या. "मी उगाच एकटी राहिले."

टिपणीसांनी घरातून दोन खुर्च्या आणल्या.