तीन विती

व्यापाऱ्याने नवी टोपली जुन्या टोपलीत सोडली. ती अलगद आत उतरली आणि तळाला जाऊन बसली. त्याने दुसरी उचलली. तीही तशीच उतरली.

"धुतल्यावर कापड आटतं, हे माहीत होतं," तो म्हणाला. "तुमच्या टोपल्या कशा आटल्या? माझी गिऱ्हाइकं टोपलीवर टोमॅटो नेतात, वजनावर नाही. लबाड मी ठरतो."

मुलीचे कान तापले. आठवडाभर ती शहरात दुधाच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायची. सुट्टीला घरी आली की आईने विणलेल्या टोपल्या बाजारात पोचवायची. गल्लीतल्या बाकीच्या घरांनी विणकाम केव्हाच सोडलं होतं. आईचं चालू होतं ते या एका व्यापाऱ्यामुळे. सकाळी ती टेम्पोत चढताना आईने नेहमीसारखी तिच्या पाठीत बुक्की घातली होती. "लागतं गं," मुलगी करवादली होती. पूर्वी आई अशी नव्हती.

तिने दुकानातली टेप मागून घेतली. प्रत्येक टोपलीचं तोंड चार बोटं कमी. सगळ्यांचं सारखंच.

"तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "बांबू महागलाय, आई वाचवत असणार. तुम्ही आपले प्लॅस्टिकचे क्रेट घ्या."

"मी इतकं कुठे म्हटलं?" व्यापारी चपापला. पण ती बाहेर पडेपर्यंत त्याने क्रेटवाल्याला फोन लावलाही होता.

आई दारात बसून बांबूच्या कामट्या काढत होती. तिने मान वर केली नाही. "काय म्हणतात टोमॅटोशेठ?"

"आई, तू बांबू वाचवतेस?"

"वाचवून काय तिजोरीत ठेवू? बूड दोन विती, तोंड तीन विती. तुझ्या जन्माआधीपासून तेच माप आहे."

मुलीने खाटेखालची जुनी टोपली ओढली, त्यातले कांदे जमिनीवर ओतले आणि ती आईपुढे आदळली. "मग हिचं तोंड मोज."

आईने कोयता खाली ठेवला. अंगठा काठाला टेकवला. एक वीत. दोन. तीन. करंगळी समोरच्या काठाच्या बरीच अलीकडे थांबली. आईने पुन्हा मोजलं, या वेळी सावकाश.

"ही टोपली वाढली वाटतं," ती म्हणाली.

मुलीला हसू आलं नाही. ती आईच्या हाताकडे बघत होती. हा हात रिकामा असा तिने कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. त्यात कायम कोयता असायचा, नाहीतर कामटी. आता हातात काहीच नव्हतं, तरी बोटं कामटी धरल्यासारखी आत वळलेली होती. तिने ती धरून सरळ करायचा प्रयत्न केला.

"ओढू नको, उघडत नाहीत ती," आई म्हणाली. "विणायला अडत नाही, मग कशाला सांगत बसू?"

प्रयोगशाळेत चूक सगळ्या नमुन्यांत सारखी आली, की मुलगी आधी काटा तपासायची. आज ते तिला सुचलं नव्हतं.

"त्याला सांग, माप माझं चुकलं," आई म्हणाली. "मला जुन्या मापाची दोरी कापून दे. सगळ्या नव्याने विणून देते, त्याचे पैसे नकोत म्हणावं. एवढं एक गिऱ्हाईक राहिलंय, ते तुटायला नको."

मुलगी खाली बसून विखुरलेले कांदे गोळा करू लागली.

"अगं, रडतेस काय? चार बोटांचीच तर गोष्ट," आई म्हणाली आणि तिच्या पाठीत तीच सकाळची बुक्की बसली. मग ती बुक्की तशीच, बोटांच्या हाडांनी टोचत, हळूहळू पाठीवरून खाली फिरत गेली.