टकरची यादी

"खटका मऊ आहे," ऑर्विल टकर म्हणाला आणि त्यानं पेटीचं झाकण पुन्हा उघडमीट करून बघितलं.

मेरीबेथनं खुर्ची पुढे ओढली. पेटी नवी कोरी होती आणि आतली गिटारही. शुक्रवारपासून तिचा दौरा सुरू होणार होता. एका नावाजलेल्या गायिकेच्या मागे वाजवायचं, तीस गावं, आणि प्रत्येक गावाला विमानानं जायचं. पहिली गिटार मार्चमध्ये विमानाच्या सामानातून आली तेव्हा तिची मान तुटलेली होती. ही दुसरी घेताना मेरीबेथनं गाडी विकली होती. हिचंही तसंच झालं तर दौरा गेला, आणि असा दौरा काही रोज दार ठोठावत नाही.

म्हणून बहिणीची गाडी मागून घेऊन ती शहराबाहेर या म्हाताऱ्याच्या घरी आली होती. टेनेसीत टकरची यादी वाचल्याशिवाय गिटार घेणारा माणूस शोधून सापडला नसता. महागड्या गिटारींबरोबर कंपन्या ज्या कडक पेट्या देतात, त्यांना टकर नेटवर दहापैकी गुण द्यायचा. जाहिरात नाही, कुणाची भीडभाड नाही. दोन ओळींत निकाल. 'दुसऱ्या आपटीत बिजागरी निखळली.' 'मूठ हातात आली.' 'आतली गादी नुसती शोभेची.' भल्याभल्या कंपन्यांना त्यानं घाम फोडला होता.

"सहा हजार डॉलरची गिटार," टकर पेटीवर बोटानं टकटक करत म्हणाला, "आणि घालायला काय देतात? अंड्यांचा पुठ्ठा! वरून काळं रेक्झीन डकवलं की झालं. लाज कशी वाटत नाही मेल्यांना?"

"तुमच्या यादीत ही नाहीये, सर."

"नवीन निघालीये. हातात आली नव्हती अजून."

"माझी आधीची पण नव्हती. मार्चअखेरीस आली यादीत. दहापैकी दोन." मेरीबेथ पेटीकडे बघत म्हणाली. "दोन आठवडे आधी आली असती ना, तर वाचले असते मी."

"आधी कशी येणार, पोरी?" टकर मायेनं म्हणाला. "तपासल्याशिवाय मी एक अक्षर लिहीत नाही."

नडीननं, म्हणजे त्याच्या बायकोनं, बर्फ घातलेला गोड चहा आणि मक्याच्या पावाचे तुकडे आणून ठेवले. "खा गं. तोंड बघ केवढंसं झालंय. आणि यांचं काय ऐकत बसलीस? पेट्यांचा विषय निघाला की यांना जेवणाचीही शुद्ध नसते."

मेरीबेथनं एक तुकडा उचलला. घर अगदी साधं होतं. छताचा एक कोपरा ओलीनं काळा पडला होता. भिंतीवर, कोपऱ्यात, सोफ्यामागे, कुठेच एकही गिटार दिसत नव्हती.

"तपासता कशा, सर? आत विटा वगैरे ठेवून?"

"विटा?" टकर खो खो हसला. "विटांची मान मोडते का? कंपनीवाले तसलं नाटक करतात. तिकडे खोलीत, गालिच्यावर, फोटो काढायला. आपल्याकडे आत गिटार असते. खरी, तारा लावलेली."

"दोनशे पेट्या झाल्या म्हणे यादीत!"

"दोनशे अकरा."

"मग तेवढ्या गिटारी... कंपन्या पाठवतात?"

"कंपन्यांची टाचणीसुद्धा मला चालत नाही." टकर जरासा दुखावलाच. "येतात आपल्याकडे. देवाच्या कृपेनं कमी पडत नाहीत."

मेरीबेथला स्वतःचीच लाज वाटली. या माणसाच्या सचोटीची सगळं गाव ग्वाही देतं आणि आपण त्याची उलटतपासणी घेतोय!

टकरनं खिशातून जाडजूड वही काढली आणि पेन्सिल जिभेला लावली. "शुक्रवारी किती वाजता निघतेस?"

"सकाळी सात चाळीसचं विमान आहे. इथूनच."

"छान." त्यानं लिहून घेतलं. "गिटार आत जवळ ठेवू देणार नाहीत. विमान छोटं आहे ते. सामानात टाकावी लागेल."

"तीच तर धास्ती आहे, सर! तोपर्यंत अशीच दुसरी पेटी मागवून तपासाल का? हात जोडते. चांगली नसेल तर उसनी शोधते मी कुणाकडून तरी."

"दुसरी कशाला? ही आहे की."

तिला नीटसं कळलं नाही. तेवढ्यात नडीन आतून इस्त्री केलेलं पिवळंधमक जाकीट घेऊन आली आणि तिनं ते त्याच्या खुर्चीच्या पाठीवर टाकलं. "उठा आता. आज दुपारची पाळी आहे ना? सकाळची शुक्रवारपासून. परवा उशीर झाला तर मुकादम केवढा ओरडला!"

जाकिटाच्या पाठीवर ठळक अक्षरं होती. विमानतळ. सामान चढउतार.

मेरीबेथच्या हातातला पावाचा तुकडा खाली पडला. तिनं अक्षरं पुन्हा वाचली. मग पेटी दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढून घेतली.

टकर जाकीट चढवत होता. तिचा पांढराफटक चेहरा बघून त्यानं तिच्या खांद्यावर थोपटलं.

"अगं, भिऊ नकोस अशी," तो म्हणाला. "मी कुणाला झुकतं माप देत नाही आणि कुणावर अन्यायही करत नाही. मार्चमध्ये तुझ्या त्या पेटीला तीनदा आपटलं होतं, हिलाही तीनदाच आपटीन."