दाखल्याचं सफरचंद

साहेबांनी मृण्मयीच्या हातातला चाकू काढून घेतला. “नव्या कराराप्रमाणे त्या देशाच्या सफरचंदांना कीड नसल्याचा त्यांचाच दाखला पुरे. आपण कापून बघायचं नाही. संध्याकाळी त्यांचे मंत्री येतायत, त्यांच्यापुढे हीच मांडा.”

मृण्मयी बंदरावर आलेली फळं तपासायची. एका अळीपायी याच देशानं तिच्या वडिलांचा कंटेनरभर हापूस जाळून टाकला होता. त्यानंतर मरेपर्यंत अप्पांनी आंबा तोंडात घातला नव्हता.

देठाशी भोक असलेलं सफरचंद तिनं निवडून मंत्र्यांच्या हाती दिलं. कॅमेरे सरसावले. भोकाकडं बघत मंत्र्यांनी हळूच विचारलं, “चाकू मिळेल?”

“कापायची आम्हाला बंदी आहे,” मृण्मयी गोड हसली. “खा निर्धास्त. तुमचाच दाखला आहे.”