खिडकीची उंची

आर्किटेक्ट लोक पावत्यासुद्धा पट्टी धरल्यासारख्या सरळ लावून आणतात. पण म्हणून आणलेल्या प्रत्येक खर्चाची करात वजावट मिळते असं थोडंच आहे! दरवर्षी त्यांच्याशी डोकेफोड करायची ती मी, त्यांची कर सल्लागार.

"या वृद्धाश्रमाचं काम तर तुम्ही दोन वर्षांपूर्वीच हातावेगळं केलंत," समोर बसलेल्या आर्किटेक्टना मी म्हणाले. "मग यंदा तिथे एक्केचाळीस फेऱ्या कशासाठी?"

"साइट व्हिजिट. एका खोलीतली खिडकी चुकलीय."

"चुकलीय म्हणजे?"

"उभ्या माणसाच्या हिशोबाने काढली मी. पलंगावर पडून असलेल्याला बाहेरचं काही दिसतच नाही. दिवसभर नुसतं छत."

"मग त्या खोलीतल्या माणसाला विचारून त्याची तक्रार लिहून आणा. ती जोडली, की हा प्रवास व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवता येईल."

ते बराच वेळ, आधीच सरळ असलेल्या पावत्या सरळ करत राहिले.

"तक्रार नाही मिळायची," ते म्हणाले. "आईची वाचा गेलीय."